‘आम्ही बुडतो’ की ‘आपण बुडतो’?

वाचकांचे प्रश्न : संशोधनासाठी लागणाऱ्या भाषा

आदरणीय बाई, ख्रिस्तात सलाम.

मी वडगाव शेरीत राहते, वय ३८. कॅम्पातल्या एका शाळेत १२ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवते आहे. एम.टीएच. झालं आणि आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठात थिऑलॉजीच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आहे. ऑगस्टमध्ये निघायचं. विषय आहे पंडिता रमाबाईंनी मराठीत भाषांतर केलेल्या नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं. आनंद होता, तोवर विभागाची नियमावली आली. दुसरं वर्ष संपायच्या आत दोन आधुनिक संशोधन-भाषांच्या परीक्षा द्यायच्या, ‘साधारणपणे जर्मन आणि फ्रेंच’. शिवाय नव्या करारावर काम करणाऱ्याला ग्रीक चांगली आणि हिब्रू कामापुरती यायला हवी. ग्रीक मी १४ वर्षांपूर्वी दोन सेमिस्टर शिकले, आता फक्त अक्षरं ओळखते. जर्मन-फ्रेंचचा गंधही नाही. संस्कृत दहावीला शंभर मार्कांचं होतं, तेवढंच. मराठी माझी भाषा, विषयही मराठीतला, आणि नियमावलीत मराठीचं नावच नाही. रात्री झोप लागत नाही. या वयात चार भाषा होतील का? आधी कोणती घेऊ? आणि मराठी धरतील का?

— एक शिक्षिका, वडगाव शेरी

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्यापासून निघतात.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातलं वादळ तुम्ही संडे स्कूलपासून ऐकत आलात. नावेत पाणी भरतंय, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय, शिष्य घाबरून त्याला उठवतात. त्यांच्या तोंडी ग्रीकमध्ये एक क्रियापद आहे : अपोल्लुमेथा. नाश पावतो आहोत. नावेत आहेत म्हणून बुडतो आहोत म्हणू. पण बुडतंय कोण? इंग्रजी भाषांतरकार ‘वी’ लिहून पुढे जातो, जर्मन ‘वीर’ लिहून, फ्रेंच ‘नू’ लिहून. मराठी भाषांतरकाराला तसं पुढे जाता येत नाही. त्याला ‘आम्ही’ तरी लिहावं लागतं, नाहीतर ‘आपण’. ‘गुरुजी, आम्ही बुडतोय’ म्हटलं, की शिष्यांनी येशूला वेगळा काढला. आमचा जीव जातोय आणि तू झोपलायस, अशी ती तक्रार झाली. ‘आपण बुडतोय’ म्हटलं, की तोही त्यांच्याबरोबर त्याच पाण्यात आहे. मूळ ग्रीक शब्दात यातलं काहीच ठरवलेलं नाही. मराठीत ठरवल्याशिवाय वाक्यच होत नाही. शिवाय येशूला ‘तू’ म्हणायचं की आदरार्थी ‘आपण’, हेही ठरवायला लागतं, आणि ग्रीकमध्ये तर सगळ्यांना एकच ‘तू’.

आता हीच गोष्ट पौलाच्या पत्रांत बघा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. दहाव्या वचनात ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहणारे ‘आपण सर्व’. विसाव्यात ख्रिस्ताच्या वतीनं बोलणारे वकील ‘आम्ही’, म्हणजे पौल आणि त्याचे सोबती. आणि एकविसाव्यात देवाचं नीतिमत्त्व होणारे कोण, आम्ही की आपण? रमाबाईंना प्रत्येक ठिकाणी उत्तर द्यावं लागलं. ती उत्तरं एकत्र केलीत, तर पौलावरचं रमाबाईंचं भाष्य तुमच्या हाती येईल. तेही त्यांनी भाष्य म्हणून कुठे लिहिलेलं नसताना. मराठी येत नसलेल्या अभ्यासकाला ते दिसणारच नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की तुमच्या प्रबंधाची पहिली संशोधन-भाषा मराठीच आहे, आणि हे विभागाला तुम्ही पटवून द्यायला हवं.

ते पटवायचं कसं? नियमावलीतला ‘साधारणपणे’ हा शब्द नीट धरून ठेवा. अनेक विद्यापीठांत प्रबंधाच्या विषयाला आवश्यक असेल तर एक भाषा बदलून घेता येते. त्यासाठी मार्गदर्शकाच्या संमतीनं विभागाला अर्ज करायचा असतो. ‘मातृभाषा आहे म्हणून धरा’ असं मात्र लिहू नका. तेवढ्यावर बहुधा नकार येतो आणि तो चुकीचाही नाही. संशोधन-भाषा म्हणजे जिच्यात तुमच्या विषयाचे दस्तऐवज आणि त्यावरची चर्चा आहे, आणि जी वाचल्याशिवाय प्रबंध अपुरा राहील, ती भाषा. तेव्हा अर्जाला दोन पानांची यादी जोडा : रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातलं मराठी साहित्य, १८४२ सालापासूनचे ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे अंक, मराठी बायबलच्या भाषांतरांवर मराठीत झालेलं लेखन. त्याखाली ‘आम्ही-आपण’चा वरचा मुद्दा पाच ओळींत. हा अर्ज तिकडे पोचल्याच्या पहिल्या महिन्यात द्या. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, परीक्षा जवळ आल्यावर असा अर्ज आला की तो पळवाट वाटतो.

मान्य झाला तर मराठीच्या बदल्यात फ्रेंच सोडा. जर्मन सोडू नका. पौलावरचं गेल्या दोनशे वर्षांतलं फार मोठं काम जर्मनमध्ये झालं : ट्युबिंगनचा बाउर, नंतर बुल्टमान, केझेमान. इंग्रजी भाषांतरं आहेत, पण सगळ्याची नाहीत, आणि लेखांची तर फारच थोडी.

आता ग्रीक. ती आजच सुरू करा, ऑगस्टची वाट बघू नका. तुम्ही लिहिता की संस्कृत दहावीपुरतं होतं. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ती शिदोरी मोठी आहे. ददामि म्हणजे मी देतो, ग्रीकमध्ये दिदोमि. दधामि, तिथेमि. अस्ति, एस्ति. भूतकाळासाठी संस्कृतात धातूच्या आधी ‘अ’ लागतो, ग्रीकमध्ये ‘ए’. ग्रीकचा ‘मिडल व्हॉइस’, म्हणजे क्रियेचं फळ कर्त्याकडेच वळतं ते रूप, इंग्रजी पुस्तकं चार-चार पानं समजावत बसतात. तुम्ही आत्मनेपद आठवा, निम्मं काम होतं. जसं ‘रामः रामौ रामाः’ पाठ केलंत, तसंच लोगोस, लोगू, लोगो, लोगोन मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात नको. आपल्याकडे पाढे आणि स्तोत्रं ज्या रीतीनं बसतात, तीच रीत इथेही लागू पडते. नव्या करारात सुमारे ५,४०० वेगवेगळे शब्द आहेत, पण ५० किंवा अधिक वेळा येणारे शब्द जेमतेम ३०० च्या आसपास, आणि पानावरच्या दर पाच शब्दांतले चार त्यांच्यातलेच निघतात. रोज पाच शब्द धरलेत तरी दोन महिन्यांत ते होतात.

माझ्या घरी गॅसच्या ओट्यावरच्या टाइलला मी चिठ्ठ्या चिकटवायची. पुढे ग्रीक, मागे देवनागरीत उच्चार आणि अर्थ. माझ्या सासूबाई पोळ्या लाटता लाटता मागची बाजू वाचून मला विचारायच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण ‘दियाथेके म्हणजे काय गं?’ असं त्यांनी इतक्यांदा विचारलं की तो शब्द माझ्याइतकाच त्यांचाही झाला. एका संध्याकाळी मी त्यांना इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय वाचून दाखवला. पंधराव्या वचनात ‘करार’, सोळाव्यात एकदम ‘मृत्युपत्र’. त्या म्हणाल्या, ‘अगं, करारावरून मृत्युपत्रावर कसा गेला हा?’ मी सांगितलं, ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, दियाथेके. त्याचे दोन्ही अर्थ होतात आणि लेखक त्या दोन अर्थांवरच आपलं म्हणणं उभं करतोय. लाटणं खाली ठेवून त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आपण मधली पायरी न बघताच चढत होतो.’ मूळ भाषा कशाला शिकायची, याचं एवढं नेमकं उत्तर मला कुठल्या वर्गात मिळालेलं नाही.

जर्मनचं सांगते. मराठी माणसाला ती वाटते तेवढी परकी नाही. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत. गौणवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं म्हणून इंग्रजी बोलणारे रडकुंडीला येतात. आपलं तर घरचंच वळण. ‘दास एअर दास बुख गेस्टर्न गेलेझन हाट.’ शब्दाखाली शब्द ठेवा : की, त्यानं, ते पुस्तक, काल, वाचलेलं, आहे. एकही शब्द हलवावा लागला नाही. अडचण येते ती जोडक्रियापदांची. ह्योरेन म्हणजे ऐकणं, आउफह्योरेन म्हणजे थांबणं, आणि तो ‘आउफ’ सुटून वाक्याच्या अगदी टोकाला जाऊन बसतो. म्हणून पूर्णविरामापर्यंत पोचल्याशिवाय क्रियापदाचा अर्थ लावायचा नाही.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मी स्वतः नापास झाले. तिशीत असताना परदेशातल्या एका विद्यापीठात जर्मनची परीक्षा दिली. दीड पान, दोन तास, छापील शब्दकोश जवळ. उताऱ्यात लेखक एका जुन्या अभ्यासकाचं मत मांडत होता, पुढे ते खोडून काढण्यासाठी. जर्मनमध्ये दुसऱ्याचं म्हणणं सांगताना क्रियापदाचं रूप बदलतात : ‘आहे’साठी ‘इस्ट’ऐवजी ‘झाय’. सगळ्या उताऱ्यात ‘झाय’ होतं, आणि मी ते सगळं लेखकाचंच मत म्हणून उतरवलं. व्याकरणाच्या चुका चार-पाचच होत्या. परीक्षकांनी समासात एवढंच लिहिलं होतं : ‘हे कोण म्हणतंय?’ त्या दिवशी मी फार रडले. शिष्यवृत्ती त्या निकालावर अडली होती. पुढे कित्येक दिवसांनी लक्षात आलं की मराठीत यासाठी आपल्याकडे अख्खा शब्द आहे : म्हणे. ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो म्हणे आजारी आहे’. ‘झाय’ दिसलं की मनात ‘म्हणे’ घाला. दुसऱ्या वेळी मी तेच केलं आणि पास झाले.

पुण्यात जर्मन शिकायचं तर बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, आणि फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परदेशी भाषांचे वर्ग. दोन्ही चांगले, पण तिथे बोलणं, ऐकणं, लिहिणं, वाचणं असं चारही अंगांनी शिकवतात. स्टेशनवर तिकीट मागणं आधी येतं, भाष्यग्रंथ फार नंतर. तुमच्याकडे तेवढे महिने नाहीत. पहिली पातळी वर्गात करा म्हणजे पाया आणि उच्चार होतील. त्याच्या जोडीनं पहिल्या दिवसापासून रोज जर्मन बायबलमधली पाच वचनं वाचा, शेजारी मराठी ठेवून. मजकूर ओळखीचा असला की व्याकरण आपोआप दिसायला लागतं. परीक्षेआधीचे तीन महिने मात्र दर शनिवारी तुमच्या विषयावरचं एक पान, घड्याळ लावून, हातानं. ग्रीक आणि हिब्रू बिबवेवाडीच्या आणि नगर रोडवरच्या सेमिनरींत शिकवतात. वडगाव शेरीहून नगर रोड तुम्हाला जवळ. जाऊन प्रत्यक्ष विचारा, वर्गात बसता येईल का.

हिब्रूची घाई नाही. २२ व्यंजनं, उजवीकडून डावीकडे, आणि तीन अक्षरी धातूंवर सगळी इमारत. रोमकरांस पत्रात पौल जुन्या करारातली जी वचनं घेतो, तेवढी मुळातून पडताळता आली तरी सुरुवातीला पुरे.

वयाचं. तुम्ही ज्यांच्यावर प्रबंध लिहिताय त्यांच्याकडेच बघा. १८५८ चा जन्म, संस्कृत लहानपणी आईकडून, आणि हिब्रू-ग्रीक चाळिशी उलटल्यावर, केडगावात, दुष्काळातून आणलेल्या बायका-मुलींचा एवढा संसार अंगावर असताना. बायबलचं भाषांतर १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं त्याच्या जरा आधी पुरं झालं. केडगाव इथून दौंडच्या गाडीनं गाठता येतं. निघण्याआधी एकदा जाऊन या.

---

सप्रेम नमस्कार. मी नगर रोडला राहून थिऑलॉजी शिकतो. पुढे फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर, म्हणजे बायबलच्या कथेवरच्या जुन्या मराठी ओवीबद्ध काव्यावर, डॉक्टरेट करायची इच्छा आहे. लॅटिन आधी शिकू की पोर्तुगीज?

— एक विद्यार्थी

आधी जुनी मराठी. जवळजवळ ११ हजार ओव्या आहेत, १६१६ साली पहिल्यांदा छापल्या, त्याही रोमन लिपीत. त्या ओव्या ज्ञानेश्वरी आणि एकनाथांच्या ओळखीशिवाय कानात बसणार नाहीत. १९५६ साली पुण्यातच देवनागरी आवृत्ती निघाली, ती मिळवा आणि वर्षभर रोज मोठ्यानं वाचा. पुढे पोर्तुगीज, कारण गोव्यातला कारभार आणि मिशनऱ्यांचा बराचसा पत्रव्यवहार तिच्यात आहे. लॅटिन तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. ती टाकू नका.

---

बाई, मी पिंपरीत राहतो, पौरोहित्य सांभाळून बाहेरून डॉक्टरेटचं काम करतो आहे. जर्मनची परीक्षा राहिली आहे. खरं सांगतो, मोबाइलवर पानाचा फोटो काढला की दहा सेकंदांत इंग्रजी मिळतं, बरंचसं बरोबरही असतं. मग दोन वर्षं यात घालवण्यापेक्षा तो वेळ मंडळीला दिला तर बिघडलं कुठे? परीक्षा माफ करून घ्यावी म्हणतो.

— एक पाळक

पाळकसाहेब, तुमच्या वेळेची ओढाताण मला कळते. रविवारचा उपदेश, दफनविधी, आजाऱ्यांच्या भेटी, आणि रात्री अकराला पुस्तक उघडणं. त्यामुळे हा प्रश्न मी हलका मानत नाही.

यंत्राचा उपयोग जरूर करा. एखादा ४० पानांचा जर्मन लेख आपल्या कामाचा आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळतं; माझ्या वेळी त्याला आठवडा जायचा. पण ज्या वाक्यावर तुमच्या प्रबंधाचा मुद्दा टेकणार आहे, ते वाक्य यंत्राच्या भरवशावर टेकवू नका. वर मी ‘झाय’ची गोष्ट सांगितली. तो एक शब्द भाषांतरात निसटला, की खोडून काढलेलं मत लेखकाचं होऊन बसतं. आणि मार्कच्या नावेतलं ते क्रियापद यंत्राला द्या : ते ‘आम्ही’ देईल किंवा ‘आपण’ देईल, पण इथे निवड करावी लागली, हे तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही ते भाषांतर वाचाल, त्यावरून उपदेश कराल, आणि मंडळी ते वचन तसंच घरी घेऊन जाईल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. प्रबंध चार परीक्षक वाचतील. तुमचा शब्द मात्र दर रविवारी लोक ऐकतात.

माफीचा अर्ज करू नका. मुदतवाढ मागा, ती बहुधा मिळते. आणि दोन वर्षं लागतील हा हिशेब मला पटत नाही. तुम्हाला जर्मन बोलायची नाही, लिहायची नाही; वाचायची आहे, तीही एकाच विषयातली. व्याकरण एका बाजूनं नीट वाचून काढायला चार महिने, मग रोज अर्धं पान. धर्मशास्त्रातले तेच तेच शब्द फिरून येतात : ग्लाउबं म्हणजे विश्वास, ग्नाडं म्हणजे कृपा, गेरेख्टिग्काइट म्हणजे नीतिमत्त्व. शंभरेक शब्द बसले की पान उजळायला लागतं. आधी स्वतः भाषांतर करायचं, पेन्सिलीनं, जिथे अडलं तिथे जागा कोरी ठेवून. मगच मोबाइल काढायचा आणि दोन्ही ताडून बघायची. जिथे फरक पडेल तिथे शब्दकोश आणि व्याकरण उघडून ठरवायचं, कोण बरोबर. कधी तुम्ही चुकलेले असाल, कधी यंत्र.

वडगाव शेरीच्या बाई आणि तुम्ही, दोघांनाही सांगते. पहिली दोन पानं झाली की मूळ उताऱ्याच्या प्रतीसह मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. मी तपासून परत पाठवीन. फक्त हातानं लिहा, आणि एक ओळ सोडून एक लिहा, म्हणजे मला मध्ये दुरुस्त्या करायला जागा राहील.